साखळी-पणजी ये-जा, घर आणि खात्याची परीक्षा: तास कुठून काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या साखळीहून रोज पणजीला सरकारी खात्यात कारकून म्हणून जाणे, कचेरी साडेनऊ ते पावणेसहा, घरी दोन शाळकरी मुले, नवरा आणि सासू. फेब्रुवारीच्या अखेरीस खातेअंतर्गत परीक्षा आहे, हातात ३४ आठवडे आहेत. आजवर चार वेळा वेळापत्रक केले आणि प्रत्येक वेळी ते आठवड्याभरात मोडले. झोप पाच तासांच्या खाली गेली. पहाटे चारला उठावे का, मोबाइलवर एखादे अ‍ॅप घ्यावे का, पंचवीस मिनिटे काम आणि मग थोडी विश्रांती अशी पोमोदोरो पद्धत धरावी का, की आपल्यातच चिकाटी नाही?

ताई, चिकाटीचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही पाठवलेले वेळापत्रक पाहिले. रात्री नऊ ते अकरा अभ्यास, रोज, रविवारी सहा तास. म्हणजे आठवड्याला अठरा. हे ज्या घरात बसेल त्या घरात स्वयंपाक होत नसेल, पाहुणा येत नसेल आणि बस कधी चुकत नसेल. वेळापत्रक मोडले ते तुमच्या घरात नसलेल्या तासांवर बांधले म्हणून. परीक्षेला किती तास लागतात हे ठरवून ते शोधायला निघालात की असेच होते. आधी हाती खरोखर किती तास आहेत ते काढायचे आणि मग अभ्यासक्रम त्यात बसेल एवढा कापायचा.

आधी बेरीज करू. आठवड्याचे तास १६८. रोजची सात तास झोप धरली की ४९ गेले. कचेरी सव्वाआठ तास गुणिले पाच, ४१.२५. प्रवासाला लोक फक्त बसमधला वेळ धरतात. घरातून बसस्टँड, बसची वाट, प्रवास, पणजीच्या स्टँडवरून कचेरीपर्यंतची चाल हे सगळे धरले तर एका बाजूला दीड तास होतो, आठवड्याचे १५. स्वयंपाक, भांडी, कपडे, मुलांचा अभ्यास यांना कामाच्या दिवशी चार आणि शनिवार-रविवारी सहा तास, एकूण ३२. आंघोळ, जेवण, पूजा, स्वतःचे आवरणे रोज दीड तास, म्हणजे १०.५. बेरीज १४७.७५. उरले सव्वावीस तास.

या सव्वावीसमधले निम्मेच तुमचे, असे धरा. उरलेले निम्मे मुलाच्या तापात, शेजारच्या बारशात, उशिरा सुटलेल्या बशीत आणि नुसते बसून राहण्यात जातात. नुसते बसून राहण्यालाही वेळ लागतो, तो नाकारला की तो मोबाइलच्या वाटेने दुप्पट वसूल होतो. तेव्हा आठवड्याला दहा तास. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे खरे आकडे एका आठवड्याच्या नोंदीतून मिळतील.

ही नोंद बहुतेकजण चुकीची ठेवतात. रात्री झोपताना आठवून दिवस लिहितात, त्यात स्वयंपाकाचे अडीच तास दीड होतात आणि मोबाइलचा पाऊण तास गायबच होतो. साधी पद्धत अशी: खिशात मावेल अशी वही, आणि काम बदलले की फक्त सुरू केल्याची वेळ व दोन शब्द. ‘६.५० बस’, ‘८.१० भाजी चिरली’, ‘८.४० मुलीचे गणित’. किती वेळ लागला ते लिहायचे नाही, पुढच्या नोंदीवरून ते आपोआप निघते. रोज वीस-बावीस नोंदी पुरतात. मोबाइलचा आकडा वहीतून घेऊ नका. फोनच्या सेटिंगमध्ये दिवसभराचा वापर दिसतो, तो रविवारी पाहा. एक खबरदारी घ्या. नोंदीच्या आठवड्यात माणूस नकळत शहाण्यासारखा वागतो, म्हणून पहिले दोन दिवस हिशेबात धरू नका, नोंद नऊ दिवस ठेवून शेवटचे सात घ्या. आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर ही नोंद करू नका, साधा आठवडा निवडा.

आता ३४ आठवड्यांचा हिशेब. कालनिर्णय समोर घ्या आणि पेन्सिलीने खाडाखोड करा. चवथीचे दोन आठवडे: एक आधीचा, साफसफाई, नेवऱ्या (करंज्या), चकल्या आणि माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराचा, एक प्रत्यक्ष सणाचा. दिवाळीचा एक. गावच्या जत्रेचा एक, कारण जत्रेला माहेरची, सासरची सगळी येतात. मुलांच्या परीक्षांचे दोन. घरातल्या लग्नाचा एक, आजारपणाचा एक. आठ गेले, २६ राहिले. तारखा गेल्या वर्षाच्या वहीतून उतरवू नका. अधिक मास आला की चवथ सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सरकते आणि तुमचे अख्खे नियोजन तीन आठवड्यांनी चुकते.

२६ गुणिले दहा, २६० तास. शेवटचे चार आठवडे फक्त उजळणी आणि जुने पेपर, त्यांचे ४० वजा करा. नव्या अभ्यासाला २२० तास राहिले. आठ महिन्यांत २२० तास हा आकडा ऐकून धक्का बसतो, पण नोकरी-घर सांभाळून परीक्षा देणाऱ्याची पुंजी साधारण एवढीच असते.

मग अभ्यासक्रम मोजा. एक सोपा, एक मध्यम आणि एक किचकट असे तीन भाग निवडा, प्रत्येकी दहा पानांचे. समजा रजा नियमांतला एक, सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला खरेदीचा एक, आणि वेतननिश्चितीचा एक. घड्याळ लावून वाचा, टिपण काढा, त्यावरचे प्रश्न सोडवा. तिन्हींची सरासरी दोन तास चाळीस मिनिटे आली असे धरू. अभ्यासक्रम ६०० पानांचा असेल तर साठ भाग, १६० तास. इथे थांबू नका, या आकड्याला दीडने गुणा. काम किती वेळात होईल याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो, आणि मागच्या वेळी तो चुकला होता हे माहीत असूनही पुन्हा कमी पडतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीला नियोजनाची भूल अशा अर्थाचे नाव दिले. दीडपट केल्यावर २४० तास. हातात २२०. तूट वीस तासांची, म्हणजे साधारण पन्नास पानांची.

ही पन्नास पाने आजच काढा. मागचे पेपर समोर ठेवा, ज्या प्रकरणावर कमीत कमी गुणांचे प्रश्न आले आहेत ते ‘उजळणीत वेळ उरला तर’ या यादीत टाका. लोक हे करत नाहीत. सगळेच करू म्हणतात आणि जानेवारीत तीच पन्नास पाने, बहुतेकदा सर्वांत महत्त्वाची, तशीच राहतात, कारण ती पुस्तकात शेवटी होती.

आता दहा तास आठवड्यात कुठे ठेवायचे. सर्वांत चांगली जागा सकाळी कचेरीतलीच. आत्ताच्या बसच्या आधीची बस धरून तुम्ही पणजीला ८.३५ ला उतरलात तर ८.४० ते ९.२० अशी चाळीस मिनिटे तुमच्या टेबलावर मिळतात. शिपाई कुलूप कधी उघडतो ते आधी विचारून ठेवा. लवकरच्या बशीत बसायला जागा मिळते हा वरचा फायदा. पाच दिवसांचे तीन तास वीस मिनिटे. संध्याकाळच्या परतीच्या बशीत रोज वीस मिनिटे, एक तास चाळीस. शनिवारी सकाळी ६ ते ८.३० अडीच तास. रविवारी सकाळी दीड तास. आणि आठवड्यात दोन रात्री अर्धा-अर्धा तास, फक्त हलके काम. झाले दहा. याखेरीज शनिवारी दुपारी दीड तास रिकामा ठेवा, कागदावर तिथे काहीच लिहू नका. आठवड्यात जे बुडेल ते तिथे जाईल.

बुडालेल्याविषयी एक पक्का नियम हवा. मंगळवारची चाळीस मिनिटे गेली तर बुधवारी ऐंशी करायची नाहीत. बुधवार मंगळवारचे कर्ज फेडायला लागला की गुरुवारपर्यंत दोन तास थकतात आणि शुक्रवारी माणूस वहीच उघडत नाही. तुमची चारही वेळापत्रके याच वाटेने गेली असावीत. थकलेले सगळे शनिवारच्या दीड तासात, आणि तिथे मावले नाही ते सोडून द्यायचे. आठवडा सोमवारी कोरा सुरू होतो.

परतीच्या बशीतली वीस मिनिटे कशी वापरायची हे सविस्तर सांगतो, कारण इथे चूक सर्रास होते. पुस्तक उघडू नका. एक तर बसायला मिळेलच असे नाही, दुसरे म्हणजे वळणांच्या रस्त्यावर डोळे स्थिर पानावर आणि कान सांगतो शरीर हलते आहे, या भांडणातून मळमळ सुटते. बशीत आठवायचे असते. सकाळी टेबलावर वाचले त्याचे पाच प्रश्न तिथेच एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा. उदाहरणार्थ केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम १९७२: अर्जित रजा वर्षाला किती, ती कधी जमा होते, कमाल साठा किती? अर्धवेतनी रजा वर्षाला किती? बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत किती? चिठ्ठीच्या मागे उत्तरे: ३० दिवस, जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखेला १५-१५, साठा ३०० दिवस, अर्धवेतनी २०, बालसंगोपन ७३०. आधी डोळे मिटून उत्तर आठवा, अडला तरी थोडा वेळ अडू द्या, मगच चिठ्ठी उलटा. पान चारदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून तीनदा आठवलेले आठवड्यानंतर जास्त टिकते. चिठ्ठ्या फेकू नका. आजची चिठ्ठी उद्या, मग चौथ्या दिवशी, मग दोन आठवड्यांनी. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात पुढची तारीख टाकून रबरबँड लावून ठेवा. एवढ्यासाठी अ‍ॅप लागत नाही. पावसात वीज गेली की चार्जिंग आणि नेट दोन्ही जातात, चिठ्ठी चालू राहते.

सकाळच्या बशीत काही करू नका. झोपा, बाहेर बघा.

चाळीस मिनिटांचा तुकडा आतूनही आखलेला असावा. आदल्या दिवशी टेबलावरून उठण्यापूर्वी पुढचे पान उघडून, पेन्सिलीने ‘इथून’ अशी खूण करून, वही त्यातच घालून खणात ठेवा. सकाळी काय करू हा प्रश्न पडला की दहा मिनिटे त्यातच जातात. पहिली पाच मिनिटे कालची चिठ्ठी, पुढची पंचवीस नवे, शेवटची दहा चिठ्ठी लिहायला. या वेळात कचेरीची ईमेल बघू नका. एका कामातून दुसऱ्यात गेल्यावर मनाचा एक भाग मागच्या कामात अडकून राहतो. व्यवस्थापनाच्या अभ्यासक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर संशोधन मांडले आहे, आणि ज्याने अर्धवट फाइल बाजूला ठेवून अभ्यासाला बसून पाहिले आहे त्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. फाइल डोक्यात घोळतच असेल तर तिची पुढची एकच पायरी कागदावर लिहा, ‘सहीसाठी वर पाठवणे’ एवढी, आणि कागद उलटा ठेवा.

पंचवीस मिनिटांच्या पोमोदोरो पद्धतीविषयी विचारलेत. इटलीच्या फ्रांचेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले टायमर वापरून ती सुरू केली. रात्री दमलेल्या डोक्याने बसताना पंचवीस मिनिटे योग्य. पण वेतननिश्चितीचे गणित पंचवीस मिनिटांत ऐन मध्यावर तुटते, तिथे पन्नास मिनिटे आणि दहा विश्रांती ठेवा. शनिवारच्या अडीच तासांत असे दोन तुकडे आणि उरलेला अर्धा तास मागच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या.

पहाटे चार? रात्री नऊला झोपत असाल तर जरूर. अकराला झोपून चारला उठणार असाल तर पहिला आठवडा बरा जातो, दुसऱ्यात परतीच्या बशीत मान कलंडते, तिसऱ्यात कचेरीत चुका होतात आणि घरात चिडचिड. दिवसभरात वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. झोप कापून केलेला अभ्यास त्यामुळे दोन्हीकडून तोट्याचा. तुमच्या प्रश्नात पाच तासांच्या खाली झोप गेल्याचे लिहिले आहे, ती आधी सातवर आणा, अभ्यास एक आठवडा थांबला तरी चालेल.

लवकरची बस धरायची तर सकाळी घरातून चाळीस मिनिटे आधी निघावे लागेल, आणि ही चाळीस मिनिटे स्वयंपाकघरातून काढावी लागतील. इथे खरी बचत वाटणात आहे. रोज नारळ खवणे, मसाला भाजणे, वाटणे यात अर्धा तास जातो. शनिवारी आणि बुधवारी संध्याकाळी एकदम वाटा, दोन दिवसांचे फ्रिजमध्ये, बाकीचे एका हुमणाला (मासळीच्या आमटीला) लागेल एवढ्या गोळ्यांत फ्रीजरमध्ये. नासते ते बहुतेकदा ओल्या चमच्यामुळे किंवा वाटताना पाणी जास्त घातल्यामुळे. मासळी रविवारी आणली की साफ करून, एका जेवणाच्या पुड्या करून ठेवा, सगळी एका डब्यात गोठवली तर बुधवारी ती सुटी करण्यातच वीस मिनिटे जातात. सकाळचा नाश्ता दोन दिवस पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावावर भागवला तर कोणाचे काही बिघडत नाही.

मात्र एवढ्याने ३२ तासांचे फार तर २८ होतील. पुढचे कमी करायचे तर काम वाटावे लागेल, आणि वाटायचे ते अख्खे. ‘जरा मदत करा’ म्हटले की काम त्यांचे हात करतात, पण काय, कधी, किती हे डोके तुमचेच चालवते. त्यापेक्षा मंगळवार-गुरुवार मुलांची दप्तरे, डबे आणि शाळेत सोडणे पूर्ण नवऱ्याकडे. डब्यात काय जाते हेही त्यांनीच ठरवायचे. पहिले तीन आठवडे डब्यात रोज ऑम्लेट-पाव जाईल, जाऊ द्या. तुम्ही मध्ये पडलात की चौथ्या आठवड्यात काम तुमच्याकडे परत येते. सासूबाईंना काय झेपते ते त्यांनाच विचारा, परस्पर नेमून देऊ नका.

बाहेरची कामे जेवणाच्या सुटीत उरकू हा हिशेब गोव्यात फसतो. दुपारी एकनंतर पुष्कळ दुकानांची दारे ओढलेली असतात, ती साडेतीन-चारशिवाय उघडत नाहीत. त्या सुटीत जेवा आणि दहा मिनिटे चाला. वीज-पाण्याची बिले, विम्याचे हप्ते महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी मोबाइलवरून, आणि दुकानाची कामे यादी करून आठवड्यात एका संध्याकाळी. बस उशिराची धरावी लागली तर तो वेळ त्या संध्याकाळीच खर्ची पडतो.

गावाचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सप्टेंबरमध्ये तो येईलच. फुगडीच्या पथकाचा सराव, भजनी सप्ताहाची पाळी, जत्रेच्या नाटकात भूमिका. नाटकात भूमिका घेतली की तालमींच्या रात्री महिना-दीड महिना जातात, आणि तालीम दहाला सांगून अकराला सुरू होते. या वर्षी भूमिका नको, पण सरळ नकारही देऊ नका, गावात तो वर्षानुवर्षे लक्षात राहतो. नाटकाच्या रात्री रंगभूषेला हात लावीन, सप्ताहात एक पाळी घेईन, असे एका दिवसात संपणारे काम आपणहून मागून घ्या. ते आधी मागावे लागते. मंडळ यादी घेऊन दारात आले की जे उरले असेल ते पदरात पडते.

शेवटी तपासणी. दर शुक्रवारी परतीच्या बशीत, त्या दिवशी चिठ्ठी नाही, तीन आकडे लिहा: किती तास झाले, किती पाने झाली, चिठ्ठ्यांतल्या दहापैकी किती उत्तरे बरोबर आली. सणाचा नसलेला असा सहावा आठवडा संपला की बेरीज करा. साठ तास अपेक्षित होते. पन्नासच्या वर असतील तर काहीही बदलू नका, उगाच वेळापत्रक सुधारत बसू नका. चाळीस ते पन्नास असतील तर कोणता तुकडा सारखा बुडतो ते बघा. बहुधा त्या दोन रात्री असतील. त्या काढून टाका आणि शनिवारी पाऊण तास वाढवा. चाळीसच्या खाली असतील तर आठवड्याला सात तासच धरून २२ आठवड्यांचा (उजळणीचे चार सोडून, झालेले सहाही धरून) हिशेब पुन्हा मांडा: १५४ तास, दर पानाला २४ मिनिटे, म्हणजे ३८५ पाने. मग मागच्या पेपरांवरून त्यातली गुणांची ३८५ कोणती ते ठरवा, आणि उरलेल्या प्रकरणांवर त्या दिवशीच पेन्सिलीने काट मारा. तीही पाने उत्तीर्ण व्हायला पुरणार नाहीत असे पेपर सांगत असतील, आणि खात्याच्या नियमांत पुढच्या वेळी बसण्याची संधी असेल, तर ते चवथीआधी ठरवून घरात सांगा. जानेवारीत ठरवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.